जनरेटरला जुंपलेली गाडी

आमच्या घरी मोठी गाडी आली त्या दिवशी शिरूरच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, आणि ते मीच हसतमुखानं वाटले. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की बाई, तुझं माहेर आजपासून लांब गेलं, तर मी त्याला वेड्यात काढून त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला असता. माझं नवीनच लग्न झालं होतं. माहेर दौंडला, रेल्वेच्या चाळीत. मनात आलं की पिशवी घ्यायची, स्टँडवर जाऊन दौंडची एसटी धरायची, खिडकीशी बसायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी. धाकटी बहीण चाळीच्या कोपऱ्यावर वाट बघत उभी असायची. अम्मी गेली तेव्हा ती अगदी लहान होती. तिच्या वेण्या, तिची शाळा, तिचा ताप-खोकला सगळं मीच केलं. तेव्हा दौंडला जाणं म्हणजे मला काही चार दिवसांची मौज नव्हती. माझं लेकरू तिथं होतं म्हणा ना.

गाडी पुण्याच्या एका डॉक्टरनं वापरलेली होती. पांढरी, सातआठ माणसं सहज मावतील अशी, खिडक्यांना निळे पडदे, आत गार हवेची सोय, मागं मोठा दरवाजा. सासऱ्यांनी बॉनेटवर हात फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घरातल्या बायामानसांसाठी घेतलीय. त्यांनी एसटीचं धक्कं किती दिस खायाचं?" मला इतकं भरून आलं की मी पदर डोळ्यांना लावला. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

सासऱ्यांचा धंदा मंडप, लाइट आणि जनरेटरचा. गावोगावी सगळे त्यांना चाचा म्हणत. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याची खात्री होती, कधी येईल याची नव्हती, त्यामुळं जनरेटरशिवाय शिरूर आणि दौंड तालुक्यांत लग्न लागत नसे. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला होता. ती ओढायला भाड्याचा ट्रॅक्टर लागायचा, आणि ट्रॅक्टरवाला ऐन लग्नसराईत नखरे करायचा. गाडी दारात आल्यावर पहिलेच काही दिवस काय ते आम्ही फिरलो. कवठे येमाईला माझ्या चुलतसासूकडं जाऊन आलो, पडदे सरकवून गारेगार बसलो. मग एका सकाळी सासरे गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आणली तेव्हा तिच्या मागच्या चॅसीला लोखंडी हूक बसवलेला होता. दुसऱ्या दिवशी त्या हुकात ट्रॉलीचा दांडा अडकला, वरून पिन पडली आणि बायकामाणसांची गाडी कामाला लागली.

त्या गाडीची मला दया यायची. ओझं ओढायला ती बनवलेलीच नव्हती. जनरेटर मागं लागला की तिचं बूड खाली बसायचं आणि नाक वर व्हायचं. चढ आला की क्लच जळाल्याचा वास आत शिरायचा. जरा वेग घेतला की मागची ट्रॉली डुलायला लागायची आणि तिच्याबरोबर आम्हीही, म्हणून आमचे हे गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवायचे. माझा नवरा स्वभावानं मऊ. सासरे पुढं त्याच्या शेजारी बसायचे, मी मधल्या सीटवर वायरच्या भेंडोळ्यांत आणि हॅलोजनच्या दिव्यांत. ट्रॉली लावलेली गाडी मागं घेणं हा तर वेगळाच तमाशा. स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रॉली डावीकडं पळणार, जास्त फिरवलं की मोडून आडवी होणार. मग सासरे खाली उतरून ओरडणार, "इकडं न्हाई, तिकडं!" आणि इकडं म्हणजे कुठं ते दोघांनाही कळणार नाही. आम्ही सहसा मागं जातच नसू. जिथं घुसलो तिथून पुढंच निघायचं, वाट असो वा नसो.

गाडी आल्यावर पहिल्यांदा मी दौंडला जायचं काढलं, तेव्हा सवयीनं म्हणाले, "सकाळच्या एसटीनं जाऊन येते." सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एसटीनं? दारात एवढी गाडी उभी हाय आन् चाचाची सून स्टँडवर? लोक काय म्हनतील? गाडीची हौस केली, आन् सुनंला बसू देत न्हाई म्हनतील."

"मग गाडीनं सोडा मला."

"सोडू की. तिकडची आर्डर येऊ दे."

हे ते रागावून बोलले नव्हते, हीच तर गोची होती. त्यांना मनापासून वाटायचं की ते माझा मान राखतायत. एसटीतले धक्के सासऱ्यांच्या घराची इज्जत म्हणून बंद झाले, आणि डिझेल उगाच जाळायचं नाही म्हणून गाडीही निघेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आमच्या मुसलमानांत लग्नाला मुहूर्त बघत नाहीत. पण माझं माहेर मात्र त्या दिवसापासून मुहूर्तावर चालू लागलं. पाटसला लग्न निघालं, वरवंडला साखरपुडा निघाला की मला दौंड. कुणी आंबेगावकडं ऑर्डर दिली की मी घरी. शेजारच्या भटजींच्या बायकोला मी तारखा विचारायची, तर ती म्हणायची, "अगो, तुला कशाला गं पंचांग?" तिला काय सांगू? पौष आला, लग्नं नाहीत. अधिक महिना आला, लग्नं नाहीत. चातुर्मास लागला की तुळशीचं लग्न होईपर्यंत बहिणीचं तोंड दिसायचं नाही. चातुर्मास हिंदूंचा आणि उपास मला.

त्यातून तिकडं पोचले तरी लगेच चाळीत जाता येत नसे. जनरेटर मांडवापाशी सुरू असेपर्यंत सासरे कुणालाच तिथून हलू देत नसत, म्हणून गाडीही तिथंच. आधी मला परक्या लग्नात गाडीत बसवायचं, लग्न लागलं, पंगती उठल्या की मग ट्रॉली सोडून मला तासाभरासाठी चाळीत नेऊन आणायचं. ज्यांना मी ओळखत नाही अशा किती नवऱ्या मुलींना मी निळ्या पडद्यातून रडताना पाहिलं असेल! किती घरची बुंदी खाल्ली असेल! आणि वाटेत मागून दौंडची एसटी हॉर्न वाजवत यायची आणि आम्हाला मागं टाकून निघून जायची. तिच्या खिडकीतल्या बायका आमच्या गाडीकडं कौतुकानं बघायच्या. मी पडदा ओढून घ्यायची.

मग एक दिवस पलीकडच्या पेठेतल्या एका मंडपवाल्याची ट्रॉली रातोरात चोरीला गेली. कुणीतरी आपली जीप मागं लावली, पिन टाकली आणि जनरेटरसकट पसार. सासऱ्यांची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी ते गाडी आणि ट्रॉली वेल्डरकडं घेऊन गेले आणि पिन वरून-खालून पक्की वेल्ड करून आणली. आता न्यायची तर चोराला गाडीसकट न्यावी लागेल, असं म्हणत त्यांनी ती सगळ्या गल्लीला दाखवली.

आमचे हे चाचरत म्हणाले, "बाबा, पन ट्रॉली सोडायची वेळ आली तर?"

"सोडायची कशापायी? गाडी आपली, जनरेटर आपला. नवराबायकोगत ऱ्हातील दोघं."

मी आत भाकरी थापत होते. म्हटलं, म्हाताऱ्यानं दाखला बरोबर दिला.

त्यानंतर आमची गाडी जाईल तिथं जनरेटर. सासरे शुक्रवारच्या नमाजला गेले तर मशिदीच्या गल्लीत जनरेटर. कोथिंबिरीची जुडी आणायला मंडईत जनरेटर. सासूबाईंचे गुडघे दाखवायला दवाखान्यात नेलं तर तिथला कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाला, "चाचा, आमच्याकडं लाइट हाय!" सगळे हसले, सासरेही हसले. मला हसू येईना. दौंडला गेल्यावर चाळीत मिळायचा तो तासही आता बंद झाला, कारण ती अवजड शेपूट घेऊन चाळीच्या बोळात शिरता येत नव्हतं. बहीण मग मांडवापाशी येऊन गाडीच्या खिडकीशी उभी राहायची. मी आत आणि ती बाहेर, अशा आमच्या भेटी व्हायला लागल्या.

अशाच एका भेटीत तिनं मला सांगितलं की तिचं जमलं. मुलगा सोलापूरकडचा, शिवणकाम करणारा, शांत वाटला. निकाह दौंडला, आणि त्याच संध्याकाळच्या रेल्वेनं वऱ्हाड तिला घेऊन जाणार. मी तिचे गाल खिडकीतूनच ओढले. ती मात्र हसेना.

"आपा, निकाहच्या टायमाला वकील आन् साक्षीदार कबूल हाय का इचारायला येतील तवा तू माझ्याशेजारी पायजेस. तू आल्याबिगर मी व्हय म्हननार न्हाई."

"वेडी का काय? मी येणारच की."

"ते मला म्हाईत न्हाई. कुनीबी इचारू दे. तू न्हाईस तर व्हय न्हाई."

दुसरी कुणी असती तर मी हे बोलणं लाडात धरलं असतं. पण ही पोर चौथीत असताना, मी सोबत नाही म्हणून शाळेचा दाखला घेत नव्हती. शिपायानं कुलूप लावेपर्यंत पायरीवर बसून राहिली होती. ती म्हणाली म्हणजे म्हणाली. हे मी सासरी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर सासऱ्यांनी माझ्या बहिणीला हट्टी ठरवलं असतं, आणि ती हट्टी आहेच.

अब्बांनी निकाहला रविवार धरला, कारण रेल्वेतल्या लोकांना सुट्टी. त्याच रविवारी पंचांगात घसघशीत मुहूर्त होता. सासऱ्यांनी मांडवगण फराट्याची ऑर्डर आधीच घेतलेली होती. यजमान बडे बागायतदार, साखर कारखान्याच्या निवडणुकीत पुढं असणारे. त्यांना नाही म्हणणं म्हणजे पुढच्या सगळ्या लग्नांवर पाणी सोडणं.

"वाटंवरच तर हाय मांडवगण," सासरे म्हणाले. "ट्रॉली तिथं सोडू, पोराला जनरेटरपाशी ठिवू, आन् आपन दोघं पुढं दौंडला. दुपारच्या जोहरच्या नमाजाआत पोचतो का न्हाई बघ."

"ट्रॉली सुटणार कशी? पिन वेल्ड केलीय तुम्ही."

"मांडवगनात वेल्डर हाय. गिरमिट लावलं की दोन मिन्टात कापतंय."

"इथंच कापून घेऊ ना आजच. नवी पिन टाकू."

"आन् रात्री कोनी नेली म्हंजी?"

त्यांच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं. मी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी टायरची हवा बघायला घेतली.

त्या रविवारी मी शालू नेसून वायरच्या भेंडोळ्यांत बसले. बहिणीसाठी हिरव्या बांगड्या मांडीवर धरल्या होत्या. मांडवगणात पोचलो तर गावातली वीज सकाळीच गेलेली. मांडव शाळेच्या मैदानात होता. गाडी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीलगत पुढं नेऊन उभी केली, जनरेटर सुरू झाला, माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो म्हणालं आणि सासरे वेल्डरला घेऊन आले. वेल्डरच्या हातात कापायचं ग्राइंडर होतं. ज्याला सासरे गिरमिट म्हणत होते ते हेच. वेल्डर खाली वाकला, पिन बघितली, मग मान वर करून जनरेटरची डिझेलची टाकी बघितली.

"चाचा, हितं ठिनगी उडाली तर वऱ्हाडासकट समदे वर जातील. आदी जनरेटर बंद करा, टाकी उपसा, ट्रॉली धुवा. मंग कापतो."

"बरं, करतो बंद. मंग काप."

"बंद केल्यावर माझं मशीन कशावर चालनार? गावात लाइट कुठाय?"

जनरेटर चालू असताना कापता येत नव्हतं, आणि बंद केला तर कापायला वीज नव्हती. इतका चोख सापळा कुणी ठरवून लावला असता तरी जमला नसता. वेल्डर ग्राइंडर बगलेत मारून पंगतीची चौकशी करायला गेला. आमच्या ह्यांनी हातकरवत आणून घासायला सुरुवात केली. वेल्डिंगनं कडक झालेल्या त्या लोखंडावर पात्याचे दात गेले, मग पातंच तुटलं. दुसरं पातं नव्हतं. सासरे म्हणाले, "लगीन लागलं की समदंच घिऊन जाऊ. उशीर व्हनार न्हाई."

पण नवरदेवाची मिरवणूक वेशीपाशी नाचत थांबली होती. तिथल्या पोरांना कुणी थांबवू शकत नाही, मुहूर्तसुद्धा नाही. नवरदेवाचा घोडा एक पाऊल पुढं आणि दोन मागं. तेवढ्यात वऱ्हाडाचे ट्रॅक्टर आले आणि त्यातला एक आमच्या गाडीला खेटून उभा राहिला. त्याचा ड्रायव्हर नाचायला गेला. आता डाव्या बाजूला भिंत, उजव्या बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली, पुढं मांडवाचे दोर, मागं आमचा स्वतःचा जनरेटर. माझ्या दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडेनात. आत गार हवा होती, पण ह्यांनी डिझेल वाचवायला इंजिन बंद केलेलं. घाम शालूतून उतरत होता आणि कानाशी जनरेटर धडधडत होता. दौंडला ह्या घटकेला साक्षीदार बहिणीपुढं बसले असतील, आणि ती पोर दाराकडं बघत असेल. नवऱ्याकडचे लोक असा अपमान किती वेळ सोसतील? रेल्वेची वेळ झाली की उठून जातील. मग तिच्या पदरात कायमचं ते पडेल: वऱ्हाड परत गेलेली मुलगी. मी तिला वाढवली ती यासाठी?

टेलिफोन करावा म्हटलं तर गावातला पीसीओवाला इथंच फेटा बांधून मिरवत होता, त्याचं दुकान बंद. मी काचेवर बुक्क्या मारल्या. जनरेटरच्या आवाजात मला माझ्याच बुक्क्या ऐकू आल्या नाहीत.

एक म्हातारी मागच्या बाजूनं, जनरेटर आणि कुंपणाच्या सांदीतून आली. तिच्या हातात माझ्यासाठी बुंदीचा द्रोण होता. यजमानांच्या घरातली असावी. मागचा दरवाजा थोडासा उघडत होता, जनरेटरचा पत्रा आडवा येईपर्यंत. त्या फटीतून तिनं द्रोण आत सरकवला.

"जनरेटरवाल्यांची सून का गं तू? एवढी नटून थटून बसलीस, आमच्याच लग्नाला आलीस म्हन की."

"नाही हो मामी. माझ्या बहिणीचं लग्न आहे. आज, आत्ता, दौंडला."

"मंग हितं का बसलीस?"

तिनं खोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी उत्तर शोधायला लागले: गाडी अडकलीय, पिन वेल्ड केलीय, वेल्डरला वीज नाही, सासऱ्यांची इज्जत, लोक काय म्हणतील. मनातल्या मनात एकेक बोलून बघितलं आणि एकही त्या म्हातारीला सांगण्यासारखं निघालं नाही. मला स्वतःचाच असा संताप आला की मी द्रोण सीटवर ठेवला, बांगड्या पदरात बांधल्या आणि भेंडोळी तुडवत मागं सरकले. फट जेमतेम होती. आधी डोकं, मग खांदा, मग शालूचा काठ दरवाजाच्या कडीत अडकून टरकन फाटला. म्हातारीनं मला दंडाला धरून ओढलं. पिनीच्या त्या दांड्यावर पाय देऊन मी खाली उतरले.

आमचे हे समोरच होते, हात तेलानं माखलेले. आधी त्यांना कळेना की मी बाहेर कशी. मग म्हणाले, "अगं, बाबांना काय सांगू?"

"सांगा, गाडी अडकलीय. सून न्हवती अडकली."

माझ्या वाटेत आडवी पडलेली जाड वायर त्यांनी पायानं बाजूला केली. त्या माणसावर मी आयुष्यात कित्येकदा चिडले, पण ते पायानं वायर सारणं मी विसरलेले नाही.

मी रस्त्यावर आले आणि फाटक्या शालूत हात वर करून दौंडची एसटी थांबवली. एसटीत बसायला जागा नव्हती. ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभी राहिले. नदीचा पूल आला तसा वारा आत आला, आणि मी रडायला लागले. कंडक्टरनं विचारलं, "ताई, कुनी वारलं का?" मी म्हटलं, "न्हाई हो, लगीन हाय." त्यानं तिकीट फाडून दिलं.

चाळीच्या तोंडाशी अब्बा उभे होते. मला बघून त्यांची नजर आधी माझ्या पाठीमागं गेली.

"गाडी कुठाय?"

त्यांनी नवऱ्याकडच्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलगी स्टेशनपर्यंत मोठ्या बहिणीच्या गाडीतनं जाईल. माझ्या सासरच्या गाडीचा त्यांनाही केवढा अभिमान! मी म्हटलं, "गाडी मागनं येतीय. निकाह झाला का?"

"कुठला व्हतोय? तुझी बहीन बोलंना. त्या लोकांनी सामान बांधायला घेतलंय. जा, समजाव तिला."

आत बायकांच्या गर्दीत मामू घाम पुसत बसले होते. मुलीचा होकार विचारून मौलानांना सांगणारे मुलीकडचे वकील तेच. त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं ते असं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बहीण गप्प राहिली. मौलाना दाराबाहेरून म्हणाले, कुवाऱ्या मुलीचं चूप राहणं म्हणजे हो, शरम असते बिचारीला. मामू उठायला लागले. तशी ही पदराआडून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी शरमून गप्प न्हाई. आपा आल्याबिगर माझं न्हाई हाय." चाळीतल्या बायका हे सांगताना अजून तोंडावर हात ठेवतात.

मी तिच्याशेजारी बसले आणि पदरातल्या बांगड्या तिच्या हातात भरायला लागले. मामू खाकरले. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आपा, आता खरं सांग. व्हय म्हनू का?"

मला वाटलं होतं तिला माझा आधार हवा असेल, म्हणून थांबली. तिला माझं मत हवं होतं. माझ्या निकाहच्या वेळी मला असं विचारायला कुणी नव्हतं. मी मान खाली घालून चूप बसले होते, साक्षीदार उठून गेले, बाहेर मुबारक मुबारक झालं, आणि मग कुणीतरी मला सांगितलं की तू हो म्हणालीस. नवरा वाईट मिळाला नाही, सासरेही वाईट नव्हते. कुणी मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तरीही आज सकाळपासून मी एका काचेआड बुक्क्या मारत होते. हे सगळं ह्या पोरीला कानात कसं सांगायचं? आणि नको म्हण, असं तरी कोणत्या तोंडानं सांगायचं? मुलगा चांगला होता.

मी मामूंकडं वळले. "ती व्हय म्हनंल. पन तिची एक शर्त हाय."

बायकांत चुळबूळ झाली. मामूंनी दाराकडं बघितलं. मौलाना बाहेरून म्हणाले, शर्त घालता येते, हरकत नाही, बोला.

"तिला मनात येईल तवा माहेरी यायचंय. एकटी, आन् एसटीनं, न्हाईतर रेल्वेनं. घरात गाडी असली तरीबी. कुनी इज्जतीचं नाव काढायचं न्हाई."

मग नवऱ्या मुलाच्या चुलत्याचा चढा आवाज आला, ही कसली शर्त, आम्ही काय मुलीला कोंडून ठेवणारे लोक आहोत का. अब्बांनी कपाळावर हात मारलेला मला दारातून दिसला. आणि मग चुलत्याला अडवणारा मुलाचा आवाज आला, तोवर त्याला मी बोलताना ऐकलंच नव्हतं.

"चाचा, ऱ्हाऊ द्या. आपल्याकडं सायकलीबिगर काय हाय? ती एसटीनं न्हाई येनार तर कशानं येनार? मला कबूल हाय."

पुरुषांत हसू फुटलं. चुलतेही हसले असावेत. मामूंनी बहिणीला पुन्हा विचारलं, आणि ती इतक्या मोठ्यानं हो म्हणाली की दुसऱ्यांदा विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

स्टेशनवर आम्ही दोघी रिक्षानं गेलो. वाटेत ती एकदाच बोलली, "आपा, तुझा शालू फाटलाय." मी म्हटलं, "हो." गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती, बांगड्यांसकट.

मी चाळीपाशी परत आले तर तोंडाशी गर्दी. आमची पांढरी गाडी जनरेटरसकट बोळात अर्धी शिरून अडकलेली. तिच्या नाकापुढं पाण्याचा नळ, मागं ट्रॉली आडवी मोडलेली. चाळीतले लोक ट्रॉलीला खांदे लावून ओरडत होते, इकडं, तिकडं. सासरे खाली उतरलेले. मला बघताच त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. एवढ्या लोकांत ते मला काही बोलणार नव्हते, पण घरी गेल्यावर काय बोलतील ते मला पाठ होतं. त्यांनी मधला दरवाजा उघडून धरला.

"बस."

आत वायरची भेंडोळी होती आणि सीटवर बुंदीचा द्रोण तसाच. मी दरवाजापर्यंत गेलेसुद्धा. पाय आपोआपच जातात.

"बाबा, मी आज अब्बांजवळ ऱ्हाते. घर रिकामं झालंय. उद्या यीन, एसटीनं."

सासरे माझ्याकडं बघत राहिले. आमच्या ह्यांनी स्टेअरिंगवरचे हात सोडले. चाळीतले लोक ट्रॉली ढकलायचे थांबले. सासऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी वाट बघितली. त्यांना हवा तेवढा वेळ दिला.

चूप राहणं म्हणजे काय, ते दुपारीच मौलानांनी सांगितलं होतं. मी दरवाजा हलकेच लावून घेतला आणि अब्बांच्या घरात जाऊन चुलीवर चहा ठेवला.